टोलाविना निनाद

घंटेच्या आवाजाचे दोन भाग असतात. पहिला टोल; लोळी धातूवर आदळते तो क्षण. दुसरा त्यानंतर कितीतरी वेळ हवेत रेंगाळणारा निनाद. आपल्याकडील साहित्यशास्त्रज्ञांनी या दुसऱ्या भागास अनुरणन म्हटले आणि नवव्या शतकातील काश्मिरी पंडित आनंदवर्धन याने काव्यातील व्यंग्यार्थ समजावून देताना नेमका हाच दृष्टान्त घेतला. शब्दाचा अर्थ संपल्यावरही जे मनात घुमत राहते, ते घंटेच्या अनुरणनासारखे. घंटा म्हटली की आपल्या लोकांना प्रथम आठवतो तो अर्थातच १७३९ सालचा वसईचा वेढा. चिमाजी आप्पांच्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा सह्याद्री ओलांडून गेल्या आणि मेणवली, भीमाशंकर, नाशिक अशा ठिकाणच्या देवळांत टांगल्या गेल्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नाशिकची ‘नारोशंकराची घंटा’ तर मराठीत वाक्प्रचारच होऊन बसली. मालक बदलले, प्रार्थना बदलली, भाषा बदलली. धातूचे अनुरणन मात्र बदलले नाही.

हा विषय आम्हांस सुचला तो मात्र इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर आमच्याच हातून झालेल्या एका चुकीतून. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेस होतो तेथील मनोऱ्याची तुळई कुजली होती. घंटा कोसळेल या भीतीने ती खाली उतरवून बाप्तिस्मा-कुंडाशेजारी ठेवण्यात आली आणि समितीने तिच्या जागी विजेवर चालणारी ध्वनिमुद्रित घंटा बसविण्याचा ठराव केला. ठरावावर आम्ही सही केली. मनोऱ्याच्या चारी बाजूंना कर्णे लागले. आंजेलसची वेळ आता यंत्र पाळू लागले. तीन, तीन, तीन आणि नऊ असे टोल बिनचूक पडू लागले. आम्ही समाधानी होतो. महिनाभराने एक वृद्ध बाई मिस्सानंतर भेटल्या आणि म्हणाल्या, “फादर, घंटा चांगली आहे. पण ती संपत नाही हो, तुटते. पूर्वी माझं शेवटचं ‘नमो मरिये’ होईपर्यंत ती घुमत राहायची.”

त्या संध्याकाळी आम्ही मुद्दाम अंगणात उभे राहून ऐकले. बाईंचे म्हणणे खरे होते. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने शेवटचा टोल पडताच फीत कापली होती. टोल होते, अनुरणन नव्हते. आम्ही मनात म्हटले की विजेच्या आवाजाकडून याहून अधिक अपेक्षा करणे व्यर्थ. हे आमचे मत पुढे बदलावे लागले आणि ते ज्याच्यामुळे बदलले त्या कलावंताची हकिगत वाचकांपुढे ठेवावी, हा या लेखाचा उद्देश आहे.

मॅक्स न्यूहाउस हे त्याचे नाव. जन्म ९ ऑगस्ट १९३९, अमेरिकेतील टेक्सस राज्यातील बोमाँट या गावी. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिकमध्ये त्यांनी तालवाद्यांचे शिक्षण घेतले आणि ऐन पंचविशीत ते आधुनिक पाश्चात्त्य संगीतातील अग्रगण्य तालवादक म्हणून ओळखले जाऊ लागले. पिएर बुलेझ आणि कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन या त्या काळच्या दोन दिग्गज रचनाकारांबरोबर त्यांनी दौरे केले. १९६४ आणि १९६५ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये त्यांचे एकल वादन झाले. जवळजवळ एक टन वजनाची वाद्ये घेऊन हा मनुष्य गावोगाव हिंडत असे. अशा वादकाने १९६८ साली कोलंबिया कंपनीसाठी एक ध्वनिमुद्रिका करून रंगमंचाचा निरोप घ्यावा, हे त्याच्या चाहत्यांना वेडेपणाचे वाटले असल्यास नवल नाही.

पण निरोपाची बीजे आधीच पडली होती. तालवादनाच्या नव्या रचनांतून रस्त्यावरील व कारखान्यांतील आवाज सभागृहात आणले जात होते. न्यूहाउस यांना प्रश्न पडला की रस्ता सभागृहात आणण्यापेक्षा श्रोत्यांनाच रस्त्यावर का नेऊ नये? १९६६ साली त्यांनी काही मित्रांना मॅनहॅटनमधील एका कोपऱ्यावर बोलाविले. प्रत्येकाच्या हातावर रबरी शिक्क्याने एकच शब्द उमटविला. त्या शब्दाचा अर्थ ‘ऐका’. मग एक अक्षर न बोलता ते त्यांना घेऊन चौदाव्या रस्त्याने ईस्ट नदीकडे चालू लागले. वीजकेंद्राची घरघर, उंचावरील महामार्गावरून धावणाऱ्या चाकांचा गडगडाट, मग लोअर ईस्ट साइडच्या गल्ल्या. फेरी त्यांच्या कार्यशाळेत संपली आणि तेथे त्यांनी काही रचना वाजवून दाखविल्या. पुढे असा प्रयोग त्यांनी अनेकदा केला. मैफल ऐकावयास आलेल्या लोकांना कोणी न विचारता असे पायी फिरविल्यावर त्यांतील काही चिडलेही असतील. आम्ही त्यांच्या जागी असतो तर कदाचित चिडलो असतो.

पुढच्याच वर्षी, १९६७ साली, बफेलो शहरातील लिंकन पार्कवे या रस्त्यालगत त्यांनी झाडांवर लहान लहान रेडिओ-प्रेषक बसविले. प्रत्येकाचा पल्ला थोडा, प्रत्येकाचा स्वर वेगळा. मोटारीतील रेडिओ ठराविक ठिकाणी लावून त्या रस्त्याने गेले की स्वर ऐकू येत आणि मोटार कोणत्या दिशेने व किती वेगाने जाते त्यावर रचना ठरत असे. हवामान बदलले की स्वरही बदलत. या कामाला नाव काय द्यावे? मैफल म्हणावी तर आरंभ नाही, शेवट नाही. चित्र-शिल्पकलेत ज्यास आपण मांडणशिल्प म्हणतो त्याच्या धर्तीवर त्यांनी जे नाव योजिले, त्याला मराठीत नादमांडणी म्हणता येईल. आज जगभर रूढ असलेल्या त्या संज्ञेचे श्रेय सामान्यतः न्यूहाउस यांसच दिले जाते. त्यांचा स्वतःचा विचार थोडक्यात असा होता: रचनाकार आजवर स्वरांची मांडणी काळात करीत आले, आपण ती जागेत करू आणि काळ श्रोत्यावर सोपवू. श्रोता जेव्हा येईल तेव्हा आरंभ, जेव्हा निघून जाईल तेव्हा शेवट.

येथे वाद्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. वीजमंडलांतून स्वर निर्माण करण्याचे प्रयोग जुने असले तरी १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या साहाय्याने जो सिंथेसायझर घडविला, त्यापासून हे यंत्र संगीतकारांच्या हाती खऱ्या अर्थाने आले. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डॉन बुकला हे त्याच सुमारास स्वतंत्रपणे असेच यंत्र बनवीत होते. भारतातही ते लवकर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने मूग सिंथेसायझर उभारून दिला आणि गीता साराभाई, अतुल देसाई प्रभृतींनी त्यावर रचना केल्या. त्या फिती कित्येक दशके दुर्लक्षित राहिल्या व २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. विषयांतर होते आहे. तरी त्या काळी आपल्या देशातही कोणी या वाटेने गेले होते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

सिंथेसायझरचे तत्त्व कठीण नाही. एक मंडल विजेचे आंदोलन निर्माण करते. दुसरे त्यातील नको ते अंश गाळून टाकते. तिसरे आवाज किती वेगाने चढावा आणि किती सावकाश उतरावा हे ठरविते. तारेचा किंवा बासरीचा स्वर याने सहज साधतो, कारण त्यांचे अंशस्वर मूळ स्वराच्या जवळजवळ सरळ पटीत असतात. घंटा मात्र हट्टी आहे. तिचे अंशस्वर अशा सरळ हिशेबात बसत नाहीत. टोल पडताच अनेक कंपने एकदम उठतात. त्यांतील उंच कंपने पाहता पाहता विरतात आणि सर्वांत खालचे गुंजन सर्वांच्या मागे एकटे उरते. फ्रान्समध्ये पिएर शेफेर यांनी १९४८ साली घंटेच्या ध्वनिमुद्रणातील टोल कापून काढून केवळ निनाद ऐकला, तेव्हा ती घंटा आहे हे ओळखू येईना. स्वर ओबो या फुंकवाद्यासारखा भासला. आमच्या मनोऱ्यावर नेमके याच्या उलट झाले होते. शेफेर यांनी टोल कापून निनाद ठेवला. आम्ही टोल ठेवून निनाद कापला. त्यांनी ते जाणूनबुजून केले, एवढा फरक.

आता न्यूहाउस यांच्या मुख्य कृतीकडे वळू. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागात ब्रॉडवे आणि सातवा मार्ग एकमेकांस छेदतात. तेथे पंचेचाळिसाव्या व शेहेचाळिसाव्या रस्त्यांच्या दरम्यान पादचाऱ्यांसाठी एक त्रिकोणी जागा आहे आणि तिच्या जमिनीत लोखंडी जाळी आहे. जाळीखाली भुयारी रेल्वेच्या वायुवीजनाची खोल पोकळी. या पोकळीत ध्वनी निर्माण करणारी यंत्रणा व ध्वनिक्षेपक बसविण्याची कल्पना न्यूहाउस यांनी १९७३च्या सुमारास मनात घेतली. ती प्रत्यक्षात यावयास १९७७ साल उजाडले. मधला काळ कलेत गेला नाही, परवानग्यांत गेला. रेल्वेचे अधिकारी एकट्यादुकट्या माणसाशी करार करावयास तयार नव्हते. संस्था हवी होती. तेव्हा न्यूहाउस यांनी स्वतःचीच एक ना-नफा संस्था नोंदविली आणि तिचे नाव इंग्रजीतील ‘ऐकणे’ या क्रियापदावरून ठेवले. धर्मग्रामाच्या शाळेसाठी किंवा दफनभूमीच्या भिंतीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजविलेल्या आमच्यासारख्यांना या चार वर्षांचा अर्थ चांगला कळतो.

स्वर कसा निवडावा याविषयी त्यांचे विचार लक्षात घेण्याजोगे आहेत. कार्यशाळेत रचना तयार करून ती जागेवर नेऊन बसविणे त्यांना मान्य नव्हते. प्रत्येक जागेला स्वतःचा घुमार असतो. कोणत्या स्वराला ती साथ देते आणि कोणता गिळून टाकते, हे तेथेच उभे राहून कानाने शोधावे लागते. म्हणून ते प्रथम जागा ऐकत आणि मग इलेक्ट्रॉनिक मंडलांतून निघणारे स्वर तेथल्या तेथे थोडे थोडे बदलीत तिच्याशी जुळवीत. तंबोरा जुळविणाऱ्याला हे सांगावयास नको. टाइम्स स्क्वेअरच्या भुयारासाठी जुळविता जुळविता जो नाद सिद्ध झाला तो मोठमोठ्या घंटांच्या अनुरणनासारखा आहे. टोल कोठेच नाही. कोणी कधी न वाजविलेल्या घंटेचा निनाद, दिवसाचे चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस.

आणखी एक गोष्ट त्यांनी हट्टाने पाळली. तेथे पाटी लावू दिली नाही. कलावंताचे नाव नाही, कृतीचे नाव नाही. हजारो माणसे जाळीवरून जातात. बहुतेकांच्या ध्यानात काही येत नाही, कित्येकांना ती जमिनीखालील एखाद्या यंत्राची घरघर वाटते. न्यूहाउस यांस ते चालत असे. ज्याला ऐकू येईल त्याला तो आपलाच शोध वाटावा, कोणी दाखवून दिलेला नव्हे, अशी त्यांची इच्छा होती. देणगीदाराचे नाव संगमरवरात कोरल्याशिवाय आपल्याकडे बाकसुद्धा बसत नाही, हे आठवून आम्हांस थोडे ओशाळल्यासारखे झाले.

२०१९ साली आमच्या जुन्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या आग्रहावरून आम्ही न्यूयॉर्कला गेलो असता ती जाळी पाहण्याचा योग आला. लेख वाचून, जागा ठाऊक असूनही पहिल्या खेपेस आम्ही जाळीवरून सरळ चालत गेलो आणि काहीही ऐकले नाही. विद्युत-जाहिरातींचा लखलखाट, बसगाड्या, फेरीवाले आणि पर्यटकांची छायाचित्रे काढण्याची घाई. परत फिरून जाळीच्या मधोमध उभे राहिलो. दोन-तीन मिनिटे गेली असतील. मग पायांखालून एक जाड, गोल, स्थिर स्वर वर येत असल्याचे जाणवले. एकदा कानाने पकडल्यावर तो इतका स्पष्ट होता की आधी ऐकू कसा आला नाही याचेच आश्चर्य वाटावे. चार पावले बाजूला झालो, स्वर संपला. पुन्हा जाळीवर आलो, स्वर होता तेथेच होता. सोबतचा तरुण म्हणाला, “फादर, मी सहा वर्षं इथून रोज कामाला जातो.” पुढे तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. तेथे आमचे विजेच्या आवाजाविषयीचे मत बदलले. मनोऱ्यावरील कर्ण्यांत जे कमी होते ते धातू नव्हते. ती घंटा बसविताना कोणीही, आम्ही धरून, ती ऐकली नव्हती.

या नादाचे पुढे काय झाले? १९९२ साली तो बंद पडला. न्यूहाउस तोवर मुख्यतः युरोपात राहू लागले होते आणि एकट्याच्या बळावर यंत्रणा चालू ठेवणे शक्य नव्हते. पंधरा वर्षे अखंड वाजलेला स्वर थांबला आणि शहराचा व्यवहार जसाच्या तसा चालू राहिला. परंतु काही जणांना तो आठवत होता. कला-व्यवसायातील क्रिस्टीन बर्गिन यांनी पुढाकार घेतला, त्या भागातील व्यापाऱ्यांची संस्था आणि रेल्वेचा कला-विभाग यांची साथ मिळाली आणि मे २००२ मध्ये नव्या यंत्रणेवर तो पुन्हा सुरू झाला. पुढे त्याच्या देखभालीची जबाबदारी डिया या कला-प्रतिष्ठानाने घेतली. पाटी आजही नाही.

न्यूहाउस यांना सर्व आवाज प्रिय होते असे समजू नये. पण आवाजाला सरसकट शत्रू ठरविणे त्यांना मान्य नव्हते. डिसेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून त्यांनी शहराच्या गोंगाटविरोधी प्रचारावर टीका केली. आवाजाने माणूस आजारी पडतो असे दिवसरात्र सांगत राहिले तर लोक कान मिटून घेण्यास शिकतील, असा त्यांचा आक्षेप होता. टीका करून ते थांबले नाहीत. रुग्णवाहिका व पोलीस-गाड्यांच्या भोंग्यांनी माणूस घाबरतो, पण गाडी कोणत्या बाजूने येते हे त्याला कळत नाही, हे हेरून त्यांनी १९७८पासून दहाहून अधिक वर्षे नव्या भोंग्यांवर काम केले आणि १९९१ साली त्याचे पेटंटही मिळविले. दुर्दैवाने ते भोंगे रस्त्यावर आले नाहीत.

धर्मगुरू या नात्याने आम्हांस अधिक जवळची वाटली ती त्यांची उत्तरायुष्यातील काल-रचनांची मालिका. तिचा उगम एका मौन गजराच्या कल्पनेत होता. झोपलेल्या माणसाला आवाजाने न उठविता आवाज थांबवून उठवावयाचे. मंद स्वर इतका सावकाश वाढवीत न्यावयाचा की तो कोणाच्या ध्यानात येऊ नये आणि ठरलेल्या क्षणी तो एकदम तोडावयाचा. जे ऐकू येत नव्हते ते नाहीसे झाल्यावर ऐकू येते. युरोपातील गावांचा दिवस शतकानुशतके चर्चच्या घंटेने बांधलेला होता, हे न्यूहाउस यांस पुरते ठाऊक होते आणि त्या प्रथेकडे पाहूनच त्यांनी तिची उलट बाजू घडविली. त्यांची घंटा शांततेचे टोल देते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथील कलासंग्रहालयाभोवती २००३ साली आणि न्यूयॉर्कच्या उत्तरेस बीकन येथील डियाच्या संग्रहालयाभोवती त्यानंतर दोन-तीन वर्षांत अशा रचना उभ्या राहिल्या.

आपल्याला ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. पवित्र गुरुवारच्या मिस्सात ग्लोरिया झाला की घंटा मुक्या होतात, त्या पुनरुत्थानाच्या जागरण-विधीतील ग्लोरियापर्यंत. मधल्या काळात लाकडी खुळखुळा वाजतो. लहानपणी शुक्रवारी दुपारी बारा वाजता आंजेलस न झाल्याने घरातील मोठी माणसे क्षणभर हात थांबवून बाहेर पाहत, हे आम्हांस स्पष्ट आठवते. रोजच्या घंटेकडे त्यांनी तसे कधी पाहिले नव्हते. न्यूहाउस यांच्या मनात आपला हा विधी होता असा आमचा दावा नाही. तसे जुळवून दाखविणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मालिकेतील एक रचना जर्मनीत कोलोनजवळील श्टोमेल्न या गावी आहे. तेथील ज्यू समाजाचे १८८२ साली बांधलेले लहानसे सिनेगॉग उपासक उरले नाहीत म्हणून १९३७ साली एका शेतकऱ्यास विकले गेले. ती आता शेतकऱ्याची इमारत होती, म्हणूनच नोव्हेंबर १९३८ मध्ये देशभर सिनेगॉग जाळली गेली तेव्हा ती वाचली. १९९१पासून तेथे वेळोवेळी एकेका कलावंतास काम करण्यास पाचारण केले जाऊ लागले. २००७ साली न्यूहाउस आले. त्यांनी त्या परिसरासाठी अशीच रचना केली. स्वर नकळत चढतो आणि एकाएकी थांबतो आणि तेवढा वेळ गावकऱ्यांच्या ध्यानात येते की काहीतरी येथे होते. एके काळी तेथे प्रार्थनेचा आवाज होता.

आपल्या नादमांडण्यांचे ध्वनिमुद्रण करून विकणे न्यूहाउस यांनी मान्य केले नाही. जागा सोडून आलेला स्वर तो स्वरच नव्हे, असे ते मानीत. त्याऐवजी काम पूर्ण झाल्यावर ते एक रेखाचित्र आणि शेजारी हस्ताक्षरातील छोटा मजकूर करीत. ३ फेब्रुवारी २००९ रोजी इटलीच्या दक्षिणेस समुद्रकाठच्या माराटेया गावी ते निवर्तले.

न्यूयॉर्कहून परतल्यावर त्या धर्मग्रामातील आमच्या उत्तराधिकाऱ्यांस आम्ही सर्व हकिगत कळविली. त्यांनी तंत्रज्ञास बोलावून ध्वनिमुद्रणाची फीत बदलून घेतली. शेवटच्या टोलाचा निनाद आता वीस-बावीस सेकंद विरत जातो. कामाला अर्धा तास लागला. मनोऱ्यासाठी सागवानी तुळईचे अंदाजपत्रकही मागविले आहे. घंटा अजून बाप्तिस्मा-कुंडाशेजारीच आहे आणि रविवारी मुले तिला नाण्याने टिचक्या मारून ऐकत बसतात.